पाणी काढून ठेवलेलं औषध

पावसाळा सरला की डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर चढतात. जबड्यात जबडा अडकवलेली जोडी, एक दोरीच्या या बाजूला, दुसरा त्या. असा सुकलेला बोंबील कितीही भिजवा, पुन्हा ओला बोंबील होत नाही. त्यातली प्रथिनं उन्हानं, मिठानं कायमची बदललेली असतात. कालवणाला ते चालतं, किंबहुना तीच त्याची चव. पण सर्पदंशावरचं प्रतिविष हेही प्रथिनच, आणि आपल्याकडे बहुतेक तेही सुकवूनच येतं. त्याला मात्र पाणी लागताच जसंच्या तसं परत यावं लागतं.

हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला बेताबेतानं टोचतात, मग त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं वेगळी करून शुद्ध करतात. परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेत हे काम अनेक दशकं चालत आलं आहे. विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. तेही गोठवून सुकवलेलं.

गोठवून सुकवायचं म्हणजे द्रावण आधी बर्फ करायचं आणि निर्वातात त्या बर्फाची थेट वाफ करायची. दाब ६११ पास्कलच्या खाली ठेवला, की बर्फ पाणी न होताच उडून जातो. ऐकायला सोपं आहे. खरी गोम गोठण्यात आहे. बर्फ शुद्ध पाण्याचा बनतो. क्षार आणि प्रथिनं उरलेल्या थेंबभर द्रवात दाटत जातात. सोडियम फॉस्फेटच्या द्रावणात एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि उरलेला द्रव चांगलाच आम्लधर्मी होतो. म्हणजे प्रथिन बिघडतं ते बऱ्याचदा नुसत्या थंडीनं नव्हे, थंडीनं घडवलेल्या या दाट खाऱ्या-आंबट द्रवानं.

हे गणित मांडण्यात फेलिक्स फ्रँक्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाची कारकीर्द गेली. १९७२ ते १९८२ दरम्यान त्यांनी पाण्यावरचा सात खंडांचा ग्रंथ संपादित केला. 'पॉलीवॉटर' नावाच्या नव्या पाण्याचा बोलबाला झाला आणि फुगा फुटला, त्या प्रकरणावर १९८१ साली पुस्तक लिहिलं. (पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसानं पाण्याविषयीच्या भ्रमावर लिहावं, हे मला फार आवडतं.) पुढे त्यांचा भर औषधं सुकवण्यावर होता. द्रावणात योग्य साखर असेल तर शेवटचा दाट द्रव स्फटिक न होता काचेसारखा थिजतो आणि प्रथिन त्यात जागच्या जागी अडकून राहतं, हा त्या शास्त्राचा गाभा.

द्रवरूप प्रतिविषाला सतत २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. भुकटीला फ्रिज लागतोच असं नाही, ती चार-पाच वर्षं टिकते. पावसाळ्यात वीज गेली तर डहाणूशेजारच्या तलासरीत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. पण शेवटी पाणी घालावंच लागतं. एका कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी. कुपी जोरात हलवली तर फेस येतो, प्रथिनाला तो मानवत नाही. म्हणून तळहातांमध्ये हळूहळू फिरवायची, पांढरी वडी पूर्ण विरघळून द्रव नितळ होईपर्यंत. सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. समोर घोणस चावलेला माणूस असताना ती मिनिटं लांबच लांब वाटतात.

त्याआधीचे तास कुठे जातात, त्याचा शोध डहाणूतच घेतला गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मुंबईतल्या संस्थेतले डॉ. राहुल गजभिये आणि सहकाऱ्यांनी डहाणू तालुक्यातले आदिवासी, भगत, आशा कार्यकर्त्या आणि डॉक्टर यांच्याशी बोलून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही त्यात होते. साप खरंच चावला का, हे ठरवायला कडुलिंबाचा पाला, मिरची किंवा मीठ चाखायला देतात, मंत्र आणि चिंचोकेही वापरतात, असं त्यात नोंदलं आहे. मण्यारीचा दंश तर अनेकदा झोपेतच होतो, सूज जवळजवळ नसते, दुखतही फारसं नाही. सकाळपर्यंत पापण्या मिटू लागतात. तोवर मिरची तिखट लागली की नाही यावर घरात चर्चा चालू असली, तर कुपीतली भुकटी कितीही नीट सुकवलेली असो, ती कपाटातच असते.