समुद्राचे देणे : झ्विनच्या काठची सायकलवाट

बेल्जियममधील अँटवर्प हे नाव जैन व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. पालनपूरकडील अनेक हिरेव्यापारी तेथे स्थायिक झाले आणि शहरालगतच्या विलरिक येथे त्यांनी संगमरवरी जिनमंदिर उभारले. नातलगांकडे किंवा दर्शनाला जाणारी मंडळी पुढे बहुधा ब्रसेल्स आणि पॅरिस पाहून परततात. अँटवर्पहून आगगाडीने सुमारे दीड तासावर ब्रुज नावाचे जुने शहर आहे. तेथून समुद्राकडे जाणाऱ्या सायकलवाटेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ही वाट व्यापाऱ्याने एकदा तरी पाहावी अशी आहे, कारण एक मोठी बाजारपेठ कशी उभी राहिली, कशी बुडाली आणि तिच्या जागी काय आले, हे सारे तिच्या काठाने दिसते.

हुंड्यांचे शहर

परंपरा सांगते की ११३४ मधील एका भीषण वादळाने किनारा फोडला आणि समुद्राचा एक फाटा जमिनीत घुसला. हाच झ्विन. या खाडीमुळे ब्रुजला समुद्राची वाट मिळाली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दामे हे तिचे बाह्यबंदर वसले आणि पुढे समुद्राच्या अधिक जवळ स्लुइस हे बंदर भरभराटीस आले. इंग्लंडची लोकर, फ्रान्सची मद्ये, इटलीची वस्त्रे असा माल येथे उतरू लागला.

ब्रुजमध्ये व्हान डेर ब्युर्स या कुटुंबाची खानावळ होती. परगावचे व्यापारी तिच्यासमोर जमत, भाव ठरवत आणि हुंड्यांचे व्यवहार करत. युरोपातील अनेक भाषांत शेअर बाजाराला असलेला ‘बोर्स’ हा शब्द याच घराण्याच्या नावावरून आला, असे मानले जाते. फ्लॉरेन्सच्या मेडिची पेढीने १४३९ मध्ये येथे आपली शाखा उघडली. पुढे तिचा व्यवस्थापक टोमासो पोर्तिनारी याने बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला भरमसाट कर्जे दिली. १४७७ मध्ये चार्ल्स रणांगणावर मारला गेला, कर्जे बुडाली आणि लवकरच शाखा गुंडाळावी लागली. राजेरजवाड्यांचे खाते मोठे दिसते, पण त्याला तारण नसते, हे पेढीला फार उशिरा उमगले.

तोपर्यंत ब्रुजच्या पायाखालची वाळूही सरकू लागली होती. भरतीबरोबर येणारा गाळ झ्विनमध्ये साचत गेला आणि मोठ्या जहाजांना वाट उरली नाही. त्यातच राजकीय कलह उद्भवले. १४८८ मध्ये माक्सिमिलियनने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्पला जाण्याचा आदेश दिला. १५३१ मध्ये अँटवर्पने व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारत बांधली. बाजार उठून गेला होता.

कालव्याच्या काठाने

सायकलवाट ब्रुजच्या ईशान्य वेशीपासून दामेच्या कालव्याने निघते. हा सरळसोट कालवा खणण्याची आज्ञा नेपोलियनने दिली आणि त्यासाठी स्पॅनिश युद्धकैद्यांना राबवले. दोन्ही काठांवर उंच पॉप्लर वृक्षांच्या रांगा आहेत. समुद्रवाऱ्याने ते सारे एकाच बाजूला कललेले दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहूनच प्रवासाची दिशा ठरवावी. येथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. ब्रुजहून किनाऱ्याकडे निघाल्यास तो पाठीशी राहतो, उलट दिशेने आल्यास तोच छातीवर घ्यावा लागतो.

सहा-सात किलोमीटरवर दामे लागते. एके काळचे हे बंदर आज जुन्या पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. पुढे स्लुइस येते, आणि तेथे पोहोचेपर्यंत नेदरलँड्सची सरहद्द ओलांडलेली असते. ना नाके, ना तपासणी. सबंध नेदरलँड्समध्ये ब्रुजच्या धर्तीचा घंटा-मनोरा असलेले नगरभवन एकट्या स्लुइसमध्ये आहे. या गावासमोरच्या पाण्यात २४ जून १३४० रोजी इंग्रज आरमाराने फ्रेंच आरमाराचा पराभव केला होता. आज चहूकडे गव्हाची आणि बटाट्याची शेते आहेत. जेथे शेकडो जहाजे झुंजली, तेथे आता नांगर फिरतो.

स्लुइसहून रेत्रांशमां या तटबंदीच्या गावावरून वाट झ्विनच्या बांधाकडे जाते. मोटारींची वर्दळ येथे जवळजवळ नसते. क्वचित एखादा ट्रॅक्टर समोरून येतो. रस्ता चुकण्याचे भयही नाही, कारण प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला असतो. घरून निघतानाच चार-सहा क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि फलक पाहत पुढे जायचे. ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याने ही पद्धत सुचवली आणि १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात ती प्रथम अमलात आली. पुढे ती नेदरलँड्सनेही स्वीकारली.

खाऱ्या पाण्याचे राज्य

बांधावर चढताच दृश्य पालटते. एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याची दलदल, वाळूच्या टेकड्या आणि त्यांपलीकडे उत्तर समुद्र. काउंट लेओन लिपेन्स यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये झ्विन हे संरक्षित क्षेत्र झाले. पांढरे करकोचे, लहान बगळे, चमचे, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या असे पक्षी येथे दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये दलदलीवर एका खारवनस्पतीची जांभळी फुले पसरतात. स्थानिक लोक त्यांना झ्विनचेच फूल म्हणतात.

पण ज्या गाळाने ब्रुजचे बंदर बुजवले, तोच आता या दलदलीलाही बुजवू लागला होता. खाडीचे मुख वाळूने मिटले असते तर भरतीचे पाणी आत आले नसते, आणि पक्ष्यांचे अन्नही संपले असते. उपाय साधा, पण कठीण होता. खाडीला अधिक जागा द्यायची. जागा मोठी असली की भरतीला अधिक पाणी आत येते आणि ओहोटीला ते जोराने बाहेर पडताना वाळू वाहून नेते. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात समुद्राकडून घेतलेली खारजमीन परत करावी लागणार होती. आपल्या कोकणातील खारभूमी आणि गोव्यातील खाजण ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना बांध घालून मिळवलेल्या जमिनीचे मोल सांगावयास नको.

नेमक्या याच वेळी अँटवर्प बंदरात मोठी जहाजे यावीत म्हणून शेल्ट नदीचे पात्र खोल करायचे होते. बेल्जियमचा फ्लँडर्स प्रदेश आणि नेदरलँड्स यांच्यात २००५ मध्ये करार झाले. बंदराला खोली मिळावी, आणि त्याबरोबर नदीच्या मुखाकडील निसर्गालाही जागा मिळावी, असे त्यांत ठरले. झ्विनचा विस्तार हा त्या व्यवस्थेचाच भाग होता. पिढ्यानपिढ्या कसलेली सुपीक शेते समुद्राच्या हवाली करणे अनेकांना रुचले नाही. ज्या देशात १९५३ च्या महापुराने १,८३६ बळी घेतले, त्या देशातील लोकांनी आपण होऊन बांध मागे घ्यावा, ही मागणी लहान नव्हती. अखेर मागच्या बाजूला नवा, भक्कम बांध बांधण्यात आला आणि २०१९ मध्ये जुना बांध फोडण्यात आला. सुमारे १२० हेक्टर जमिनीवर पुन्हा भरती-ओहोटी सुरू झाली.

याला कोणी व्रत म्हणणार नाही. तो हिशेब होता. एका हाताने नदीकडून घेतले, म्हणून दुसऱ्या हाताने समुद्राला दिले. तरीही परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या श्रावकाच्या मनात बांधावर उभे राहिल्यावर एक प्रश्न उठल्यावाचून राहत नाही. आपल्या वहीत घेणे काटेकोरपणे लिहिलेले असते. ज्या पाण्याने आणि मातीने व्यापार चालवला, त्यांचे देणे कोणत्या पानावर लिहिलेले आहे?

निघण्यापूर्वी

झ्विनच्या उद्यानात सायकल बाहेर ठेवून पायीच जावे. अनेक पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून वाट सोडून पाऊल टाकू नये. पावसानंतर वाटेवर गोगलगाई येतात. ईर्यासमितीचे स्मरण ठेवून सायकल सावकाश हाकणेच उचित.

खाण्याच्या बाबतीत सावध असावे. बेल्जियमचे प्रसिद्ध तळलेले बटाटे पुष्कळदा प्राण्यांच्या चरबीत तळतात. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांचा प्रश्न त्याआधीच सुटलेला असतो. वॅफलमध्ये अंडे असते. खाखरे, थेपले, सुका मेवा आणि फळे सोबत घ्यावीत. चौविहार पाळणाऱ्यांना जून महिना सोयीचा, कारण सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. डिसेंबरात मात्र तो पाच वाजण्यापूर्वीच होतो.

ब्रुज ते क्नोके हे अंतर या मार्गाने सुमारे ३५ किलोमीटर भरते. चढ नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसात थांबत थांबत ते सहज पार होते. क्नोकेहून सायकलीचे वेगळे तिकीट काढून आगगाडीने ब्रुजला परतता येते. बुडालेल्या बंदराची वाट नातवंडांना दाखवावी, आणि ती का बुडाली, पुढे कोणी काय परत केले, हे गाडीत बसल्यावर त्यांना सांगावे.