नखीकडून नियमांकडे

इ. स. १८६४ मध्ये लुई रुसले नामक फ्रेंच प्रवासी खंडेराव गायकवाडांच्या बडोद्यास आला, तेव्हा त्याने ज्या दरबारी खेळांची हकीकत लिहून ठेवली, त्यांत नखीची कुस्ती हा प्रकार सर्वांत भीषण होता. कारण भांगेच्या अमलाखाली असलेले मल्ल मुठीत शिंगाच्या नख्या बांधून परस्परांवर तुटून पडत आणि कपाळ व गाल विदीर्ण होऊन रक्ताच्या धारा लागल्या तरी सामना थांबत नसे. खंडेरावांची कारकीर्द (१८५६–७०) हा मल्लविद्येच्या वैभवाचा काळ, असे आम्हां बडोदेकर मराठी मंडळींत अभिमानाने सांगण्यात येते. त्या कथनात नखीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

वास्तविक ही विद्या कोणा लहरी राजाने एका रात्रीत काढलेली नव्हती. मोढेऱ्याचे ज्येष्ठीमल्ल हे ब्राह्मण मल्लांचे घराणे मुष्टियुद्धाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले होते, आणि त्यांच्या ‘मल्लपुराणा’त मल्लांचे वर्ग, व्यायाम, आहार आणि डाव यांचा इतका सूक्ष्म विचार आहे की, रुसलेला ज्यात निव्वळ पाशवीपणा दिसला त्यामागे एक संपूर्ण शास्त्र उभे होते, हे मान्य करावे लागते. हे पुराण १९६४ साली बडोद्याच्याच प्राच्यविद्यामंदिराने गायकवाड ग्रंथमालेत छापले. तथापि शास्त्र असले म्हणून जखम सौम्य होत नाही; आणि आश्रयदात्यास रक्त पाहण्याची हौस असली, की शास्त्रालाही तिकडेच झुकावे लागते.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) बडोद्याच्या शारीरिक संस्कृतीचा केंद्रबिंदू दरबारी आखाड्यातून तालीमखान्यांकडे आणि ग्रंथांकडे सरकला. आमच्या वासणा भागातून विश्वामित्री ओलांडून शहरात दांडिया बाजाराकडे गेले म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर लागते. तेथे प्रोफेसर माणिकराव यांनी कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि शस्त्रविद्या यांना शिस्तबद्ध सांघिक कवायतीची जोड दिली, म्हणजेच प्रतिस्पर्ध्यास जायबंदी करण्याचे कौशल्य शेकडो मुलांनी एकाच हुकमावर करावयाच्या हालचालीत रूपांतरित केले. पुढे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच शहरात सिद्ध केला. गुरुमुखातून शिष्याकडे जाणारी विद्या त्यायोगे कोणाही वाचकास खुली झाली.

हुतूतूचे तसेच झाले. गावोगावच्या रिवाजाप्रमाणे कोठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई (संजीवनी), कोठे संपूर्ण संघ संपेपर्यंत बाहेर बसे (गामिनी), तर कोठे बाद होऊनही खेळत राही (अमर). आणि चढाई करणाऱ्यास धरल्यावर ओढाताण कोठवर चालावी, हे बहुधा अंगबळावरच ठरे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या आणि नियम मुद्रित केले, तेव्हा या बेबंदशाहीस आळा बसू लागला. अखेर संजीवनीचेच तत्त्व सर्वत्र रूढ झाले. सोय झाली खरी, पण अमरातली चढाओढ आणि गामिनीतला जीवघेणा संयम त्यात गेला, ही माझी तक्रार आहे; नियम करणाऱ्या मंडळींस वैविध्याचे वावडे असते.

याच्या नेमका उलट प्रवास अर्जेंटिनातील फुटबॉलचा. चेंडू पायाशी खेळवीत प्रतिपक्षास चकविण्याची तेथील मोहक शैली १९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाकडून ६–१ असा मानहानिकारक पराभव होताच संशयास्पद ठरली, आणि ओस्वाल्दो सुबेल्दिया यांच्या एस्तुदियान्तेस संघाने साठीच्या दशकात काटेकोर डावपेचांबरोबर धसमुसळेपणाही आपल्या खेळाचे अंग बनविला. १९६९ साली ब्वेनोस आयरेस येथे मिलानविरुद्धच्या त्यांच्या सामन्यात मिलानचा नेस्तोर कोंबिन रक्तबंबाळ झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओंगानिया यांच्या सरकारने पोलेती, आगिरे सुआरेस आणि मानेरा या एस्तुदियान्तेसच्या तिघा खेळाडूंस कैदेत धाडले. नियमपुस्तक तेथे पूर्वीपासून होतेच. पराभवाच्या भीतीपुढे ते पांगळे ठरले, एवढेच.

इकडे म्हैसूरच्या दसऱ्यात मुंडन केलेले जेट्टी मल्ल अद्याप वज्रमुष्टीचा, म्हणजे मुठीत आयुध धरून लढण्याचा, सामना करतात, आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच तो सोडविला जातो. खंडेरावांच्या दरबारी हा दंडक असता, तर रुसलेला लिहिण्यासारखे फारसे उरले नसते.