घराची सोडत आणि गणिताचे गुण

गरीब घरचं मूल सुखवस्तू वस्तीतल्या शाळेत जाऊन चांगले गुण मिळवतं, तेव्हा श्रेय शाळेचं की मुलासाठी धडपडणाऱ्या आईबापांचं? संशोधकांना हे दोन धागे वेगळे करणं सहसा जमत नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत मात्र ते जमलं. १९७०च्या दशकापासून तिथे बिल्डरांना नव्या वसाहतींत काही घरं स्वस्तात राखून ठेवावी लागतात. त्यांतली काही सरकारी गृहनिर्माण संस्था विकत घेते आणि गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणाला कुठे घर मिळेल हे सोडतीसारखंच ठरतं. घर जिथे, शाळा तिथली. म्हणजे नकळत प्रयोगच मांडला गेला!

संशोधक हेदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ या काळातल्या, अशा घरांत राहणाऱ्या ८५८ मुलांचे गुण तपासले. गरीब मुलं कमी असलेल्या शाळांत गेलेल्यांनी प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत गणितात सधन मुलांशी असलेलं अंतर सुमारे निम्म्याने कमी केलं. वाचनात सुधारणा कमी होती. गंमत म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना काउंटी जादा पैसा देत होती, वर्ग लहान ठेवत होती. तरी तिथली मुलं मागेच राहिली.

पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. तो नसता तर काय झालं असतं, हे या आकड्यांतून कळत नाही. शिवाय फरक पहिल्या एकदोन वर्षांत दिसलाच नाही, तो हळूहळू वाढत गेला. त्यामुळे अशा योजनांचा निकाल वर्षभरात मागणाऱ्यांनी जरा दम धरावा.