घरच्या घरी श्वसन पुनर्वसन
सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. तो विडी ओढणाऱ्यांनाच होतो असे नाही. चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पीटर बार्न्स आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ठळकपणे मांडले. गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या गावात धुरामुळे सीओपीडी झालेल्या वृद्धेला घराची पाखाडी चढतानाच धाप लागते. तिने आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामासाठी चिपळूण कसे गाठावे? दूरस्थ पुनर्वसनाची, म्हणजे घरीच देखरेखीखाली व्यायाम करण्याची, खरी गरज इथेच आहे.

पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच व्हावी. पुढे ६ ते ८ आठवडे फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर व्यायाम करवून घेतात. पडवीत खुर्ची भिंतीला लावायची, हातांचा आधार न घेता उठायचे-बसायचे; श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतो. रक्तातील ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेखाली, बहुधा ८८ टक्क्यांखाली, गेला किंवा छातीत दुखले की लगेच थांबायचे. रेंज नसली तर साध्या फोनवरही विचारपूस होते. फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत, पण मांड्यांचे स्नायू बळकट झाले की तेवढ्याच कामाला धाप कमी लागते. इनहेलर अर्थातच चालू ठेवायचा.