ट्यूडर इंग्लंडचे जमीनदार : पूर्वज मागाहून आले

मठांच्या जमिनी विकत घेऊन ट्यूडर इंग्लंडमध्ये अनेक घराणी वर आली. जमीन आली, वाडा उठला, गावच्या चर्चमध्ये मानाची जागा मिळाली, तरी जुनी कुळी बाजारात उघड मिळत नव्हती. ती मिळवण्यासाठी या मंडळींनी लांबलचक वंशावळी करून घेतल्या. त्यातली एखादी खोटी ठरली की ‘लबाडी’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. माझ्या मते तो शेरा अपुरा आहे. तेराव्या शतकाविषयी या वंशावळींवर विसंबू नये हे खरेच. पण ज्या सोळाव्या शतकात त्या लिहिल्या गेल्या, त्याच्या व्यवहाराचा त्या पहिल्या प्रतीचा पुरावा आहेत.

नॉर्थॅम्प्टनशरच्या स्पेन्सर घराण्याचेच पाहा. जॉन स्पेन्सर हा वॉरिकशरकडचा, मेंढ्या चारून पैसा केलेला माणूस. त्याने १५०६ मध्ये वर्मलेटन हे गाव विकत घेतले आणि १५०८ मध्ये सुमारे ८०० पौंडांना ऑल्थॉर्प. वर्मलेटनच्या आधीच्या मालकाने, विल्यम कोपने, कुळांना हुसकावून शेतजमिनीचे कुरण केले होते. त्या ओसाड गावावर स्पेन्सरांची लोकर वाढली. पुढे राजाने अशा कुरणांची चौकशी लावली तेव्हा गाव आपण येण्याआधीच उठले होते, असा बचाव स्पेन्सरने केला. आठव्या हेन्रीने त्याला नाइट केले आणि १५२२ मध्ये तो वारला. इथवरची हकिगत कागदोपत्री पक्की आहे. गंमत सुरू होते ती १५९५ मध्ये. रिचर्ड ली हा त्या वेळचा वरिष्ठ हेरल्ड, म्हणजे घराण्यांची कुलचिन्हे नोंदवणारा दरबारी अधिकारी. स्पेन्सर हे मध्ययुगातल्या बड्या डेस्पेन्सर सरदारांचे वंशज आहेत, असे त्याने ‘शोधून’ काढले. मात्र याच घराण्याने १५०४ मध्ये हेरल्डांकडून कुलचिन्ह घेतले होते, आणि त्यात निळ्या ढालीवर समुद्रपक्ष्यांची डोकी होती. डेस्पेन्सरांच्या ढालीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. डेस्पेन्सरांचे रक्त अंगात आहे असे घरात कुणाला ठाऊक असते, तर नवे कोरे चिन्ह मागायला कोण गेले असते? १९०१ मध्ये जे. होरेस राउंड या इतिहासकाराने लीच्या वंशावळीची चिरफाड केली. त्यातली माणसे जुन्या दप्तरांत सापडतात, पण त्यांना एकमेकांशी जोडणारी नाती लीने स्वतः लावलेली होती.

यावर कुणी म्हणेल की हेरल्ड तर तपासणी करत. १५३० पासून ते राजाज्ञेने परगणोपरगणी फिरत आणि हक्काशिवाय लावलेली कुलचिन्हे पुसून टाकण्याचा अधिकारही त्यांना होता. हे खरे आहे, पण त्यांचा भर कशावर होता, हा प्रश्न उरतोच. सर टॉमस स्मिथ हा राणी एलिझाबेथचा मंत्री. १५८३ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात तो कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो : जो हाताने कष्ट न करता सभ्य गृहस्थाच्या इतमामाने राहू शकतो तो सभ्य गृहस्थच, आणि पैसे मोजले की हेरल्ड त्याला कुलचिन्ह देतो. याउलट वंशावळीचा अलीकडचा, दोन-तीन पिढ्यांचा भाग मनाजोगता लिहिण्याची सोय फारशी नव्हती. राजाकडून मिळालेल्या जमिनीचा धारक मेला की सरकारी चौकशी बसे. वारस कोण, त्याचे वय काय, हे पंचांसमोर ठरे, आणि तो अल्पवयीन निघाला तर त्याचे पालकत्व राजाकडे जाई. कायद्याने बांधलेला जवळचा भाग खरा आणि कुणाचेच काही अडत नव्हते तो दूरचा भाग मोकळा, अशी ही रचना होती.

मग दूरचा भाग असा मोकळा असल्याचे सगळ्यांना ठाऊक असताना असल्या वंशावळीचा उपयोग काय, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर १६२१ च्या एका भांडणात सापडते. याच घराण्यातल्या रॉबर्ट स्पेन्सरला १६०३ मध्ये लॉर्ड ही पदवी मिळाली होती. राज्यात सर्वाधिक रोकड त्याच्याचकडे, अशी बोलवा होती. उमरावांच्या सभागृहात तो पूर्वजांच्या कर्तबगारीवर बोलू लागताच अरुंडेलच्या अर्लने त्याला टोकले, की तेव्हा तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते. त्यावर स्पेन्सरने, आमचे मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोह शिजवत होते, असे सुनावल्याचे सांगतात. अरुंडेलच्या आजोबांचा आणि त्या आजोबांच्या वडिलांचाही शिरच्छेद झाला होता, त्यामुळे घाव वर्मी बसला. माफी मागायला नकार दिला म्हणून अरुंडेलची रवानगी लंडनच्या टॉवर या तुरुंगात झाली. स्पेन्सरच्या उत्तरात ‘आम्ही डेस्पेन्सर’ हा दावा कुठेच नाही, याकडे माझे लक्ष जाते. त्याने मेंढ्या मुकाट कबूल केल्या. (नाही तरी दोन डेस्पेन्सर सरदार १३२६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखालीच मारले गेले होते, त्यांचे नाव काढणे अंगाशी आले असते.) म्हणजे वंशावळ होऊन जेमतेम सव्वीस वर्षे लोटली तरी तिच्या जोरावर वाद घालायला तो उभा राहिला नाही. तिचे काम वेगळेच होते : हे घराणे आता वरच्या पंगतीत बसले आहे, यावर अधिकृत शिक्का मारण्याचे. ते काम आठ वर्षांत पदवी मिळून पारही पडले होते.

राउंडच्या हल्ल्यानंतर वंशावळ टिकली नाही, ढाल टिकली. डेस्पेन्सरांच्या लाल-पांढऱ्या चौकटींवरच्या काळ्या पट्ट्यात तीन शिंपले घालून स्पेन्सरांनी ती आपलीशी केली होती, आणि १९८१ मध्ये लेडी डायना स्पेन्सरच्या लग्नात तीच राजघराण्याच्या चिन्हाशेजारी आली.