जिवाचाही हक्क

माझी भाची लातूरला राहून ‘नीट’ची तयारी करते. 180 मिनिटांत 180 प्रश्न, एकूण 720 गुण, उत्तर चुकले की एक गुण वजा. रमजानमध्ये पहाटे साडेचारला सहेरी, दिवसभर क्लास, रात्री तरावीहची नमाज आणि मग एकपर्यंत जीवशास्त्र. दहाव्या रोज्याला तिची भौतिकशास्त्रातली येणारी उदाहरणेही चुकली. फोनवर म्हणाली, “मामू, डॉक्टर व्हायचं तर सोसावंच लागेल ना?”

तिला हजरत सलमान फारसींची गोष्ट सांगितली. त्यांचे स्नेही अबू दरदा रोज रोजा धरत, रात्रभर नमाज पढत. सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, झोपायला लावले. उत्तररात्री उठवून दोघांनी नमाज अदा केली. अल्लाहचा हक्क आहे, तसा आपल्या जिवाचा आणि घरच्यांचाही, हे त्यांचे म्हणणे पैगंबरांनी खरे ठरवले. इबादतीची ही गत, मग जीवशास्त्राचे काय घेऊन बसलात!

आता ती तरावीह झाली की झोपते. जीवशास्त्र फजरच्या नमाजनंतर, ताज्या डोक्याने. इफ्तारला खोलीतल्या मैत्रिणी कलिंगड कापून ठेवतात. तेवढा अर्धा तास पुस्तक उघडायचे नाही, हा नियम त्यांचाच.