भरलेलं बी, पोचट बी

मावशींनी मारवेल गवताचा तुरा डाव्या तळहातावर घेतला, उजव्या अंगठ्यानं चोळला आणि हलकी फुंकर मारली. कूस उडालं, तळहातावर तिळाहून बारीक तीन-चार दाणे उरले. शेजारच्या ठोंबाचा तुरा तसाच चोळला. या वेळी फुंकरीबरोबर सगळंच उडून गेलं. "हा पोचट हाय, भाऊ. डोयाले सारखंच दिसते, हाताले कळते."

कार्तिकातली सकाळ होती. पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटकडे जाताना उजाड पडलेला एक तुकडा लागतो. तिथं चितळ-सांबरांसाठी पुन्हा कुरण उभं करायचं म्हणून आम्ही बी गोळा करत होतो. मावशी जवळच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या. विळा कमरेला, पण तो त्या क्वचितच काढत. पिकलेलं बी मुठीत धरून वर ओढलं की सुटून हातात येतं. जे सुटत नाही ते अजून कच्चं, त्याला चार दिवसांनी पुन्हा भेटायचं. मारवेलचं बी एकाच वेळी पिकत नाही. आधी पिकलेलं गळून जातं तेव्हा खालचं हिरवंच असतं. त्यामुळे एका ठोंबाकडे तीन-तीन फेऱ्या होतात, आणि दिवसभर राबून पोत्याचा तळ जेमतेम झाकतो.

वन्यप्राण्यांसाठी रान पेरणं हा अमेरिकेत शिकाऱ्यांच्या जगातला रुळलेला उद्योग आहे. तिकडे उन्हाळा सरताना क्लोव्हर, ओट, सलगम यांच्या मिश्रणाच्या तयार पिशव्या विकत मिळतात. माती तपासायची, चुना आणि खत घालायचं, पेरायचं, आणि हरणं थंडीत त्या हिरव्या तुकड्यावर येण्याची वाट पाहायची. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, पण त्याहून मोठा फरक भुकेच्या ऋतूचा आहे. आपलं चितळ पौषात उपाशी नसतं. त्याची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात, जेव्हा यवतमाळची काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून इथं शरद ऋतू पेरणीचा नाही, बी वेचण्याचा. पेरणी मृगाची.

आणि म्हणूनच बियाणं निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: फाल्गुनानंतर यातलं काय उरेल? कुसळी लवकर उगवते, हलक्या जमिनीतही तग धरते, पण तिला कुसळं आली की जनावर तोंड लावत नाही. ती कुसळं ओल लागली की पीळ सोडत जमिनीत शिरतात, तशीच कातडीतही शिरतात. तिखाडीला सुंदर वास, तिचं तेल निघतं, पण त्याच वासामुळे तिला कुणी खात नाही. पावसात हिरव्यागार दिसणाऱ्या माळावर ही दोनच गवतं माजलेली असतील, तर तो माळ चितळासाठी जवळजवळ रिकामाच. मारवेल मात्र कोवळं असताना आणि वाळल्यावरही खाल्लं जातं, आणि त्याच्या ठोंबाच्या बुडाशी ओल उतरेपर्यंत हिरवा अंकुर टिकतो. ते काळ्या, खोल मातीचं गवत. मुरमाड चढावर तेच काम पवन्या करतं.

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी 1973 साली भारतातल्या गवताळ आच्छादनाचे पाच मोठे प्रकार मांडले. त्यातला आपल्या दख्खनचा प्रकार सेहिमा आणि डायकॅन्थियम या दोन प्रजातींच्या नावानं ओळखला जातो. म्हणजे हेच, पवन्या आणि मारवेल. त्यांनी देशभर हिंडून जे नोंदवलं, त्याचा एक कोपरा मावशींच्या पायांना पाठ आहे. चढाला लागलं की त्या न बोलता पोतं बदलतात.

मिश्रणात एवढ्यानं भागत नाही. गवतासोबत द्विदल हवं, म्हणून रानमूग आणि रानतूर. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि चाऱ्यात प्रथिनं येतात. कडेला बोर राहू द्यायची, कारण रोही (नीलगाय) नुसत्या गवतावर जगत नाही, पाला आणि शेंगाही ओरबाडतो.

खताचा विषय निघाला तो कृषी केंद्रात. दुकानदारानं आपुलकीनं सुचवलं, एकरी अर्धं पोतं डीएपी टाका, बघा कसं उठतं. कपाशीच्या माणसाचा हा स्वाभाविक सल्ला. पण मारवेलचं रोप पहिल्या पावसाळ्यात सावकाशच वाढतं, त्याचं सारं लक्ष मुळांवर असतं. अशा वेळी दिलेला नत्र गाजर गवत आणि तरोटा ही तणंच खातात. आधीच्या एका प्रयत्नात असंच झालेलं मी पाहिलं आहे: विकत आणलेलं बी, त्यात निम्म्याहून जास्त पोचट, वखरानं खोल गाडलेलं, आणि वरून युरिया. श्रावणात तिथं कमरेएवढा तरोटा उभा होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तो तरोटा उपटायला ज्या बाया आल्या, त्याच पेरायलाही आल्या होत्या.

या वेळी नत्राचं खत नाही. आपल्या काळ्या मातीत पालाश सहसा पुरेसा असतो, स्फुरद मात्र चुन्याशी बांधला जाऊन पिकाला कमी मिळतो, आणि द्विदलाच्या गाठींना नेमका स्फुरद लागतो. पण काळ्या मातीत वरून दिलेला स्फुरदही असाच बांधला जातो, म्हणून फक्त मुरमाड पट्ट्यात थोडं सुपर फॉस्फेट द्यायचं. त्यात सोळा टक्के स्फुरद असतो, सोबत गंधकही येतं. बाकी सगळीकडे पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धकच्चं शेण नको, जनावरांनी खाल्लेलं तणाचं बी त्यातून जिवंत परत येतं.

आमच्या कामाला जोडलेल्या एका आशेबद्दल मी सावध आहे. आत चारा वाढला की रोही बाहेरच्या हरभऱ्यात, तुरीत जाणार नाही, असं लोक म्हणतात. रात्र-रात्र मचाणावर जागल करणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला माझी जीभ वळत नाही. पौषात वाळलेल्या गवताशेजारी ओला हरभरा उभा असेल तर जनावर हरभऱ्याकडेच जाईल. कुरणानं उन्हाळ्याची भूक भागते, चितळ-सांबरांची संख्या टिकते, त्यांच्यामागे वाघ आत राहतो. एवढं पुष्कळ आहे. पिकाच्या नुकसानीचं उत्तर कुंपण आणि वेळेवर मिळणारी भरपाई यांतच शोधावं लागेल.

दुपारी बी सावलीत पसरलं. ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही, त्याला काही महिने झोप हवी असते. तोवर तागाच्या पोत्यात, हवेशीर खोलीत, आढ्याला टांगून. वैशाखात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि किती मोड येतात त्यावर पेरणीचं प्रमाण ठरवायचं. मग बी चिकणमाती आणि कुजलेल्या शेणखतात कालवून बारीक गोळ्या वळायच्या, म्हणजे वारा नेत नाही, मुंग्याही कमी नेतात. पेरताना वर मातीचा नुसता हात फिरवायचा.

मी पोत्यांवर खडूनं नावं लिहू लागलो. मावशींनी थांबवलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढून त्यांनी पोत्यांच्या तोंडाला बांधल्या. नाल्याकाठच्या काळ्या मातीतल्या बियाला हिरवी, मुरमावरच्या बियाला लाल. "जिथलं हाय तिथंच जाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि लाल चिंधीची गाठ दातानं आवळून घट्ट केली.